डॉक्टरांनी "ओमेगा-३ वाढवा" सांगितलंय? सांगली-मिरजेकडच्या घरासाठी पायरी-पायरीने

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची, मिरजेतल्या एका हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली एक ओळ होती, तेल कमी करा, ओमेगा-३ वाढवा. बस्स एवढंच. ते वाढवायचं म्हणजे नेमकं काय खायचं, किती खायचं, कुठं मिळतं, कुणी काही सांगितलं नाही आणि आम्हीपण त्या गडबडीत विचारलं नाही. मग महिनाभरात घरात काय काय जमा झालं बघा, पुतण्याने आणलेल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या, ऑनलाईन मागवलेली जवस तेलाची बाटली, चिया म्हणून आणलेला सब्जा, आणि आण्णांनी तर घाबरून तेलच बंद केलं, दोन महिने बिनफोडणीची उकडलेली भाजी खाल्ली. त्यात सासूबाई माळकरी, घरात मासा शिजवायचा तर वेगळी चूल वेगळी भांडी.

नंतर एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, बरंच वाचलं, चुका केल्या आणि सुधारल्या. आता घडी बसलीये. तुमच्या घरातपण कुणी असा कागद घेऊन आलं असेल तर तुमचे ते पहिले दोन महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हे जवळ घेऊन बसा

- घरात आत्ता चालू असलेला तेलाचा डबा किंवा पिशवी, लेबलासकट
- पेशंटचा डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी
- मागचा लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) रिपोर्ट असेल तर तो
- मोजायचे चमचे, लहान ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा
- मिक्सरचं छोटं भांडं, घट्ट झाकणाची काचेची बरणी
- एक मार्कर पेन, हा कशाला ते पुढे कळेल

१. आधी दोघांची ओळख करून घ्या

फॅट म्हटलं की आपल्याला फक्त वाईटच आठवतं. पण फॅटी अ‍ॅसिडमधली दोन अशी आहेत की ती शरीराला लागतात आणि शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. एक लिनोलेइक अ‍ॅसिड, हे ओमेगा-६ घराण्यातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक अ‍ॅसिड, त्याला एएलए म्हणतात, हे ओमेगा-३ घराण्यातलं. नावं इतकी सारखी आहेत की मीच कितीदा घोटाळा केलाय. बाकीचं फॅट शरीर पिठाभातापासूनसुद्धा तयार करतं, पण या दोघांच्या साखळीत नवव्या कार्बनच्या पुढं जे दुहेरी जोड लागतात ते घालणारं एन्झाइम आपल्याकडे नाहीच, झाडांकडे आहे. म्हणून ही दोन्ही ताटातूनच यावी लागतात, आणि म्हणूनच त्यांना आवश्यक फॅटी अ‍ॅसिड म्हणतात.

हे कळलं १९२९ साली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोनी उंदरांना बाकी सगळं देऊन फक्त फॅट बंद केलं, तर उंदरांची कातडी खवल्यासारखी झाली, शेपट्या झडायला लागल्या, किडन्या बिघडल्या. तोपर्यंत फॅट म्हणजे नुसतं जळण असंच समजत होते.

शरीरात यांचं काम काय? प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात ही असतात. त्वचेतून पाणी उडून जाऊ नये म्हणून वरच्या थरात जे लिंपण असतं त्यात लिनोलेइक अ‍ॅसिड लागतं. ओमेगा-३ मधलं डीएचए हे मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेलं असतं. आणि तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते आण्णांच्या गोळीशी जोडलेलं आहे. लिनोलेइकपासून शरीर अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बनवतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, थ्राँबॉक्सेन असले निरोपे तयार होतात, ताप, सूज, दुखणं, रक्ताची गुठळी धरणं, हे सगळं त्यांच्या हातात. अ‍ॅस्पिरिन नेमकं हेच बनणं अडवतं, जॉन व्हेन यांनी ते १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसल्यावर जी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज घ्यायला लावतात ती या फॅटी अ‍ॅसिडच्याच कारखान्याचा एक नळ बंद करते. हे समजल्यावर आण्णांनी गोळी चुकवणं थांबवलं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक किस्सा अजून, कारण तो थेट आपल्या करडईशी संबंधित आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका सहा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. बंदुकीच्या गोळीनं तिचं बरंच आतडं काढावं लागलं होतं आणि तिला सगळं अन्न शिरेतून चालू होतं. त्यात फॅट होतं ते करडईच्या तेलाचं, म्हणजे ओमेगा-६ भरपूर आणि ओमेगा-३ जवळपास नाही. काही महिन्यांनी तिच्या हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, चालता येईना, डोळ्याला अंधुक दिसायला लागलं. तेल बदलून सोयाबीनचं दिलं, ज्यात एएलए असतं, आणि त्रास गेला. तेल शरीरात जात होतं, कमी नव्हतं, पण दोघांपैकी एकच जात होतं. आपल्या स्वयंपाकघरात रोजच्या पातळीवर थोडंफार असंच चालतं, अर्थात एवढं टोकाचं नाही.

२. तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते मोजा

इथं मार्कर लागतो. डबा फोडला की त्यावर तारीख लिहा, संपला की परत लिहा. हिशोब सोपा आहे. १५ किलोचा डबा, घरात पाच माणसं, दोन महिन्यात संपला, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल झालं. आमचं तेवढंच निघालं आणि मला खरंच धक्का बसला, कारण आम्ही स्वतःला कमी तेलाचे समजत होतो. बैठं काम करणाऱ्या माणसाला रोज २० ते ३० ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप पुष्कळ झालं, म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्याला चार साडेचार किलोपर्यंत. शेतात राबणाऱ्याला जास्त चालतं, तो हिशोब वेगळा.

पण आण्णांसारखं शून्यावर जाऊ नका! ओमेगा-६ हे पण आवश्यकच आहे, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडं फॅट लागतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर ओमेगा-६ म्हणजे विष असले मेसेज फिरतात, ते सोडून द्या. तूप-डालड्याच्या जागी ओमेगा-६ असलेलं तेल आलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमीच होतं. आपल्याकडची अडचण एवढीच की ओमेगा-६ न मागता येतं आणि ओमेगा-३ मागितल्याशिवाय येत नाही. शेंगदाण्याचा कूट, तीळ, फोडणीचं तेल, यातूनच रोजची ओमेगा-६ ची गरज, बाईला १२ आणि पुरुषाला १७ ग्रॅमच्या आसपास धरतात, ती निघून जाते. आणि दोघांवर काम करणारी एन्झाइम एकच असल्यामुळं एकाची फारच गर्दी झाली की दुसऱ्याला जागा कमी मिळते.

तळणीचं तेल परत परत वापरू नका, ते काळं चिकट झालं की टाका. वडे-भजी तळून उरलेलं तेल आम्ही आता दोन दिवसात पोळ्यांना, भाजीला संपवतो आणि त्यात परत तळत नाही.

३. लेबल वाचा, पुढचं नाही, मागचं

पुढच्या बाजूला "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. मागं पुफा (एकापेक्षा जास्त दुहेरी जोड असलेलं फॅट), मुफा (एकच दुहेरी जोड असलेलं), सॅच्युरेटेड (दुहेरी जोड नसलेलं) असं लिहिलेलं असतं. पुफा जास्त म्हणजे ओमेगा-३ जास्त असं मी समजत होते, ते चूक. पुफामध्ये ओमेगा-३ आणि ओमेगा-६ दोन्ही एकत्र मोजतात आणि बहुतेक तेलात तो आकडा जवळजवळ सगळा ओमेगा-६ चा असतो.

आपल्याकडच्या तेलांचं ढोबळ गणित असं आहे:

- करडई: ओमेगा-६ सुमारे ७५ टक्के, ओमेगा-३ नावाला
- सूर्यफूल: नेहमीच्या तेलात ओमेगा-६ साधारण ६० टक्के, ओमेगा-३ नाहीच म्हणा
- तीळ: ओमेगा-६ चाळीस टक्क्यांच्या आसपास
- शेंगदाणा: ओमेगा-६ तीस टक्क्यांच्या आसपास, बाकी बरंचसं ओलेइक, म्हणजे मुफातलं, जे चांगलंच आहे, पण ओमेगा-३ नाही
- सोयाबीन: ओमेगा-६ पन्नासच्या वर, आणि ओमेगा-३ साधारण ७ टक्के
- मोहरी: ओमेगा-३ दहा टक्क्यांच्या आसपास, पण आपल्याकडच्या जिभेला तो उग्रपणा झेपत नाही

आता लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल. सांगलीत, तासगावात, इस्लामपुरात जागोजागी घाणे झालेत आणि ताजं शेंगदाणा तेल खरंच चवीला छान असतं, आमच्याकडेपण तेच आहे. पण घाण्याचं आहे म्हणून त्यात ओमेगा-३ येत नाही, जे बियात नाही ते तेलात कुठून येणार. आम्ही एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन असं आलटून पालटून करतो. तेल बदलायला घरात विरोध असेल तर भांडत बसू नका, खरं काम पुढच्या पायरीत आहे.

४. जवस आणा, पण नीट बघून

शाकाहारी घरासाठी जवसाइतकं स्वस्त आणि हाताशी असलेलं दुसरं काही नाही. आपल्या आज्या भाकरीबरोबर जवसाची चटणी खायच्या, ते आपण सोडलं आणि आता पुडीत फ्लॅक्ससीड म्हणून तिप्पट भावात आणतो. सांगलीच्या गणपती पेठेत नाहीतर आठवडी बाजारात किराणा दुकानात सुटा जवस मिळतो. दाणा चपटा, तपकिरी, चकचकीत, बोटातून निसटणारा पाहिजे. चावून बघा, कडू लागला किंवा ऑइलपेंटसारखा वास आला तर परत द्या.

इथं तीन फसगती होतात, तिन्ही आमच्या घरात झाल्यात किंवा होता होता राहिल्यात.

पहिली, अळशी आणि अळीव. अळशी म्हणजे जवस. अळीव म्हणजे हाळीव, ज्याचे बाळंतिणीला लाडू देतात, तांबूस बारीक दाणा. दुकानातल्या पोराला फोनवर अळशी सांगितलं तर अळीव येतं. अळिवातपण एएलए असतं, वाया जात नाही, पण प्रमाण कमी आणि हिशोब चुकतो.

दुसरी, सब्जा आणि चिया. दोन्ही पाण्यात फुगतात म्हणून लोक एकच समजतात. सब्जा काळा असतो, तो तुळशीच्या जातीचा, फालुद्यात घालतात तो. चिया करडा-पांढरा ठिपकेदार. चियात १०० ग्रॅमला १७-१८ ग्रॅम एएलए असतं, पण महाग, आणि जवसात २२ च्या पुढे असतं, तर मग चियाच्या मागे कशाला लागायचं!

तिसरी सगळ्यात धोक्याची. हार्डवेअरच्या, रंगाच्या दुकानात जवसाचं तेल मिळतं, लाकडाला लावायला. डबल बॉईल्ड लिनसीड म्हणतात. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात. ते खायचं नसतं, कध्धीच नाही. आमच्या शेजारच्या काकांनी स्वस्त मिळतंय म्हणून एक लिटर आणलं होतं, वेळेवर बाटली बघितली म्हणून बरं.

खायचं जवस तेल वेगळं, ते गार घाण्याचं, गडद बाटलीतलं, फ्रीजमध्ये ठेवायचं. त्यात फोडणी द्यायची नाही, ते फार लवकर जळतं. आम्ही ती बाटली उघडून शेल्फवर ठेवली होती, तीन आठवड्यात खवट झाली. आता तेल आणतच नाही, दाणाच बरा.

५. भाजा, दळा, खा

अख्खा जवस गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो, टरफल फुटत नाही. दळायलाच लागतो. मंद आचेवर कोरडा भाजा, तडतडायला लागला आणि दाणा थोडा फुगला की लगेच उतरवा, काळा करू नका. कच्च्या जवसात थोडे सायनाइड तयार करणारे घटक असतात, ते भाजल्याने कमी होतात, एक-दोन चमच्याला तसाही धोका नाही. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा आणि थांबून थांबून फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

मोठा एक चमचा जवस पूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात १.६ ग्रॅम एएलए. पुरुषाची रोजची गरज १.६ आणि बाईची १.१ ग्रॅम धरतात. म्हणजे रोज एक मोठा चमचा, काम झालं. मला हा आकडा कळला तेव्हा इतकं हलकं वाटलं, एवढ्यासाठी आम्ही किती पैसे घालवले होते.

चटणी करायची तर एक वाटी जवस, पाव वाटी तीळ, आठ-दहा लसूण पाकळ्या, थोडा कढीपत्ता, जिरं, तिखट, मीठ. बीपी असलेल्या माणसाला चटणीचं मीठ नडतं, म्हणून मी अर्धी पूड बिनमिठाची काढून ठेवते आणि ती ज्वारीच्या पिठात, पोळीच्या कणकेत, दह्यात, ताकात घालते. भाकरीत भाजली गेली तरी पुडीतलं एएलए बरंचसं टिकतं. आण्णांना तर कळलंपण नाही पहिले आठ दिवस.

एकदम एक चमचा चालू करू नका, पोट फुगतं. अर्ध्या चमच्याने सुरू करा आणि पाणी भरपूर प्या. पूड आठ-दहा दिवसाचीच करा, काचेच्या बरणीत फ्रीजला. एएलएमध्ये तीन दुहेरी जोड असतात, हवा लागली की ते लवकर खराब होतं, वास खवट आला की टाकून द्या, जीव तुटला तरी.

याच्या जोडीला शेतात उगवणारी घोळाची भाजी, आंबटसर, तिच्यात १०० ग्रॅमला ३००-४०० मिलिग्रॅम एएलए असतं. भांगलणीत उपटून टाकतात ती, घरी आणा. अक्रोड चांगले, २८ ग्रॅम म्हणजे चौदा फाकात अडीच ग्रॅम, पण भाव बघून ठरवा.

६. मासे खात असाल तर

इथं एक खरी गोष्ट सांगायला पाहिजे. जवसातलं एएलए शरीराला पुढं ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ च्याच पुढच्या प्रकारांमध्ये बदलावं लागतं, आणि हे बदलणं फार थोडं होतं, ईपीए थोडंसं, डीएचए तर अगदी नाममात्र. मासा ते तयारच देतो, कारण समुद्रातलं शेवाळ ते बनवतं आणि माशात ते साठतं. म्हणून खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा मासा खावा.

महागडा सुरमई-पापलेटच पाहिजे असं नाही. बांगडा, तारली हे तेलकट मासे स्वस्त आणि ओमेगा-३ साठी सरस. आपल्याकडे माल घाट चढून येतो, रत्नागिरीकडून आंबा घाटाने, कराडच्या बाजूला चिपळूणहून कुंभार्ली घाटाने, त्यामुळे सकाळी लवकर जा, कल्ला लाल आणि डोळा चमकदार बघा. नदीतला, तळ्यातला रोहू-कटला चालतो, प्रोटीन चांगलं, पण ओमेगा-३ बांगड्याइतकं नाही. आणि रव्यात घोळून भरपूर तेलात तळलात तर परत तेच ओमेगा-६ आत गेलं, कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा.

माळकरी, पूर्ण शाकाहारी माणसाला डॉक्टरांनी डीएचएच हवं म्हणून सांगितलं तर शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. नुसतं "शाकाहारी ओमेगा" लिहिलेलं बघून घेऊ नका, कित्येकदा आत जवस तेलच असतं, डीएचए शब्द शोधा. कॅप्सूलचं कवचपण शाकाहारी आहे का ते हिरव्या खुणेवरून बघा. सासूबाईंसाठी हे फार महत्त्वाचं होतं आणि ते त्यांना आधी नीट सांगणं आपलं काम आहे.

७. कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर

डब्यावर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. मागं बघा, साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं फक्त ३०० असतं. दोन ब्रँडची तुलना करायची तर या बेरजेवर करा.

आणि अपेक्षा नीट ठेवा. २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या चाचणीचा निकाल आला, अमेरिकेत २५,८७१ लोकांवर, रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ची कॅप्सूल देऊन. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून मोजलं तर ठळक फरक दिसला नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) फार वाढलेले असतील तर डॉक्टर जास्त ताकदीचा डोस लिहून देतात, ते औषध आहे, ते त्यांच्याच देखरेखीखाली. पुतण्याने दिलंय, मेडिकलवाल्याने सुचवलंय म्हणून घ्यायचं नाही.

८. यांनी आधी डॉक्टरांना विचारा

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले. ऑपरेशन किंवा दात काढायचा ठरलेला असेल ते. हृदयाचे ठोके अनियमित पडणारे, कारण जास्त डोसच्या माशाच्या तेलाने एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. गरोदर बायका, यांना डीएचए बाळाच्या मेंदूसाठी लागतं पण जवस भरमसाठ खाणं बरं नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी जवस आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवा, जवसातल्या फायबरमुळे गोळी नीट शोषली जात नाही. आमच्याकडे गोळी पहाटे, जवस दुपारच्या जेवणात, असं ठरलंय.

९. पुढच्या तपासणीला जाताना

एक गैरसमज काढून टाका, लिपिड प्रोफाइलमध्ये ओमेगा-३ मोजत नाहीत. त्यात कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड असतात. रक्तातलं ओमेगा-३ मोजायची वेगळी टेस्ट असते आणि ती बहुतेकांना करायची गरज नसते. रिपोर्ट सुधारला तर तो जवसामुळे की स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळीमुळे हे आपण ठरवू नये, आणि गोळी तर अजिबात बंद करू नये.

जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: तेलाचा डबा किती दिवस पुरला, घरात जेवणारी माणसं किती, कुठलं तेल, जवस रोज किती चमचे, मासा आठवड्यातून किती वेळा, कॅप्सूल घेत असाल तर तिचं ईपीए-डीएचए किती. आम्ही असा कागद नेला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदाच पाच मिनिटं नीट बसून बोलले, जवस चालू ठेवा म्हणाले, पुतण्याच्या गोळ्या सध्या बंद करा म्हणाले. तो कागद आता फ्रीजच्या दारावर चिकटवलाय, शेजारी मार्कर बांधलाय, आणि डब्यावर तारीख आण्णा स्वतः लिहितात.